कोपरा मिटत नाही

३ तारीख, मंगळवार

आज आमच्या कारखान्यात एका निरपराध ब्रशाचा वध झाला. त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून लेकीने पाठवलेली ही दैनंदिनी उघडली आहे. तिचे दुसरे काही प्रयोजन मला आजवर सापडले नव्हते.

मृताचे वर्णन: लाकडी मूठ, पांढरे मऊ केस, वय अल्प. कटिंग मशीनच्या खाचाखोचांत साचलेला भुसा झाडावा, यापलीकडे त्याची या जगात आकांक्षा नव्हती. सकाळी तो सरसाच्या डब्यात उभा सापडला. केस ताठ, मुद्रा ध्यानस्थ. सरसाचा स्वतःचा ब्रश, जो काळ्या केसांचा आहे, तो शेजारच्या खिळ्याला कोरडाच लटकत होता. मी पुरावा हातात धरून मालकीणबाईंसमोर उभा राहिलो.

"दोन्ही सारखेच तर दिसतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"एक काळा आहे, एक पांढरा."

"मग नावं घाला त्यांना, पंडित. रीतसर बारसं करा."

मालकीणबाई म्हणजे माझी पत्नी. फ्रेमांचा हा व्यवसाय तिच्या वडिलांचा. पुढे काउंटर आणि भिंतीवर नमुन्याचे कोपरे, मागे काचेच्या आडोशापलीकडे कारखाना. मी शाळेत संस्कृत शिकवायचो. शाळेने संस्कृतला आणि मला एकाच वर्षी निरोप दिला, तेव्हापासून इथे आहे. कामाची वाटणी अशी: पट्ट्या कापायच्या तिने, मशीन धडधाकट ठेवायची मी. कारण मशीनबरोबर आलेले माहितीपुस्तक घरात मी एकट्यानेच वाचले आहे. घास कसा गिळावा याचे पुस्तक निघाले, तर ते ती जितक्या आदराने वाचेल तितकाच आदर तिला या पुस्तकाबद्दल आहे.

रोज सकाळी मी प्लग काढून कुलपाच्या खोक्यात बंद करतो. पात्यापाशी ज्याचे हात, त्याच्याच खिशात प्लगच्या खोक्याची किल्ली, हा माझा नियम. मग भुसा झाडतो, पात्यावरचे झाकण उचलून सोडतो आणि ते झटकन खाली पडते ना हे पाहतो, पात्याचे दात तपासतो, टेकण हलवून पाहतो. टेकण म्हणजे ज्या लोखंडी पट्टीला आपली लाकडी पट्टी टेकवून धरायची ती. या सगळ्याला ती 'पंडितांचा नित्यपाठ' म्हणते.

म्हणो बापडी. मला त्या पात्याची भीती वाटते. इथे कोणी वाचणार नाही म्हणून स्वच्छ लिहितो. ते फिरू लागले की त्याचे दात दिसेनासे होतात, नुसती एक करडी चकती उरते आणि दिवसभर तिचा हात त्या चकतीच्या शेजारी असतो.

५ तारीख, गुरुवार

पट्ट्यांचा आख्खा गठ्ठा तिने परत पाठवला. "वाकड्या आहेत. मधे पोट आलंय सगळ्यांना." आणणारा माणूस चकित झाला. त्याने एक पट्टी काउंटरच्या काचेवर आडवी ठेवून दाखवली. मला ती सरळ दिसली. पण या दुकानात सरळ कशाला म्हणायचे हे मालकीणबाई ठरवतात आणि आजवर त्यात काडीची चूक निघालेली नाही. सासरे तर म्हणायचे, हिच्या डोळ्याला काटकोन पाहायचा गुण्या लावून गुण्याच तपासावा. ते स्वतः पट्टीवर पेन्सिल टेकवत नसत, रेघ जाड येते म्हणून. अंगठ्याच्या नखाने खूण करायचे. तीही तसेच करते. नखाची ती खूण मला चष्मा लावूनही सापडत नाही.

माणूस गठ्ठा खांद्यावर टाकून पुटपुटत गेला. दुपारी ती म्हणाली, "अहो, कापही वाकडा येतोय. टेकण सरकलंय बघा."

बघितले. गुण्या लावला. गुण्याच्या मते सगळे ठीक होते.

"गुण्या जुना झाला असेल," ती म्हणाली. "मला दिसतंय ना. डावीकडून जरासं आत घ्या."

प्लग काढला, किल्ली खिशात घातली, पाना घेतला आणि तिने सांगितले तितके टेकण आत घेतले. केसभर. ती मान तिरकी करून बघत राहिली. "अजून," म्हणाली. अजून घेतले.

मशीन हळूहळू बिघडत असेल तर? पुस्तकात एक परिच्छेद आहे: टेकण आपोआप सरकत असेल तर मशीन वापरू नये. तो आज पुन्हा वाचला. खाली ठळक अक्षरांत इशारा आहे आणि शेजारी एका हाताचे चित्र. हाताला बोटे कमी आहेत.

९ तारीख, सोमवार

चित्रकारबाई आल्या होत्या. त्यांच्या प्रदर्शनाचे सगळे काम आमच्याकडे आहे. त्यांनी एक फ्रेम काउंटरवर ठेवली आणि काही न बोलता तिच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवले. कोपरा उघडा होता. दोन काप एकमेकांना भिडायचे, ते टोकाला भिडले होते आणि आत फट. उजेडासमोर धरली तर पलीकडचे दिसत होते.

"तुमच्याकडून असं कधी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांच्या आवाजात काळजी होती.

मी मेणाने फट भरून देतो म्हणालो. मागून मालकीणबाई बाहेर आल्या, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मेण नको. नवीन करून देते." आणि आत गेल्या.

संध्याकाळी बाकीच्या तयार फ्रेमा पाहिल्या. सगळ्यांचेच कोपरे कमीअधिक उघडे. तिने त्या पाहिल्या नसतील असे होणार नाही. मग बोलली का नाही?

मी विचारले. ती म्हणाली, "मशीन दाखवून घ्या एकदा." पाठ फिरवूनच म्हणाली.

१० तारीख, मंगळवार

यंत्रवैद्य आले. हे आमचे मिस्त्री. यांना मशीनइतकाच आवाज आहे आणि बंद करायचे बटण नाही. आल्या आल्या त्यांनी जाहीर केले की अशा मशीनी त्यांनी झोपेत खोलल्या आहेत. मी म्हणालो, आज कृपा करून जागेपणी खोला.

"टेकण कुणी हलवलं हे?" त्यांनी विचारले.

"मी."

"गुण्या नाही का घरात?"

"आहे. पण मालकीणबाईंना कापात फरक दिसत होता."

मिस्त्रींनी आपला गुण्या लावला, टेकण पहिल्या जागी आणले, रद्दी पट्टीचे दोन तुकडे कापून एकमेकांना भिडवले. काही फट नाही. "मास्तर, ही मशीन तुमच्यापेक्षा सरळ आहे. आणि झोपेतसुद्धा सांगतो, टेकणाला आता हात लावायचा नाही. पट्टी टेकणाला नीट चिकटली नाही ना, तर ब्लेड तिला पकडतं आणि फेकतं. पट्टी जाते तिकडे. हात जातो ब्लेडकडे."

शेवटची दोन वाक्ये त्यांनी हळू आवाजात म्हटली. एवढा हळू आवाज त्यांना काढता येतो हे ठाऊक नव्हते.

जाताना हसत म्हणाले, "ताईंना पात्यावरचा नंबर वाचायला सांगितला तर मलाच म्हणाल्या, तुम्ही वाचा, मिस्त्री, तुम्हाला फुकट पगार द्यायचा का."

मलाही हसू आले. मालकीणबाई मिस्त्रींशी अशाच बोलतात.

११ तारीख, बुधवार

मी एक चूक केली आहे असे वाटते. का वाटते ते सांगता येत नाही.

सकाळी तिने दोन तुकडे कापले, भिडवले, उजेडात धरले आणि बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांसमोर नाही, जरा बाजूला धरून. मग म्हणाली, "नाही हो. अजून वाकडंच आहे."

"मिस्त्रींनी दाखवलं ना काल?"

"मिस्त्रींना काय कळतं. कापायचं मला आहे."

मी तुकडे हातात घेतले. मला ते मिटलेले दिसले. पण मला गाढवाचे आणि घोड्याचे चित्रही लांबून सारखेच दिसते आणि हिने आयुष्यभर कोपरे मिटवले आहेत. मी कोण तिला सांगणार? तिचा चेहरा उतरला होता. आजवर मी तिला मशीनपुढे अशी उभी पाहिलेली नाही. रस्ता चुकलेल्या माणसासारखी.

पाना घेतला आणि टेकण केसभर आत घेतले. मिस्त्रींना सांगणार नाही.

तिला जास्त उजेड हवा आहे. मशीनवर नवा दिवा लावला. "अजून मोठा नाही मिळत का?" म्हणाली. मी म्हणालो, यापुढचा सूर्यच. ती हसली नाही.

१३ तारीख, शुक्रवार



मी काउंटरवर होतो. आत पाते फिरू लागल्याचा आवाज आला, मग लाकडात शिरल्याचा आणि त्यानंतर असा एक आवाज, जो मी आजवर ऐकला नव्हता. पट्टीचा तुकडा काचेच्या आडोशावर येऊन आदळला. काच फुटली नाही, पण वरपासून खालपर्यंत तडा गेला.

मी आत कसा गेलो ते आठवत नाही. ती उभी होती. दोन्ही हात छातीशी धरलेले. मी तिचे हात ओढून घेतले आणि बोटे पाहिली. एकेक करून, दोनदा पाहिली. सगळी होती. उजव्या तर्जनीला पट्टी बांधलेली होती, पण ती जुनी, मळलेली.

"हे काय?"

"काच लागली. परवाच."

"मला नाही सांगितलंस."

"प्रत्येक काच सांगत बसले तर धंदा कधी करायचा?" ती म्हणाली आणि ते बोट मुठीत घेतले.

प्लग काढून मशीन पाहिली. टेकण तिरके होते. म्हणजे मी बुधवारी ठेवले तसेच. आणि पात्यावरचे झाकण तारेने वर बांधलेले होते.

मी खूप ओरडलो. विभक्तीची चोवीसही रूपे वर्गाकडून एका दमात म्हणून घेणाऱ्या आवाजात ओरडलो. झाकण बांधायचे म्हणजे काय, रोज सकाळी मी काय करतो, ते कशासाठी आहे. ती ऐकून घेत राहिली. एरवी माझ्या पहिल्याच वाक्याला ती अर्ध्यावर कापते.

"झाकण मधे येतं," शेवटी म्हणाली. "त्यातून दिसत नाही मला."

मी तार सोडली. झाकणाच्या पारदर्शक भागावर बारीक भुसा बसलेला होता. म्हणजे दोष माझा. तो मी रोज पुसतो, पण पुरेसा पुसत नसेन. स्पिरिट लावून पुसला, इतका की त्यातून पुस्तकाची बारीक अक्षरे वाचता आली. टेकण मिस्त्रींच्या खुणेवर आणले. "आता दिसेल," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

१४ तारीख, शनिवार

आज काही झाले नाही. एवढे लिहितानाही भीती वाटते.

काउंटरवर बसून दिवसभर ऐकत होतो. पाते फिरत असते तेव्हा भीती वाटतेच. पण ते थांबते आणि कापलेली पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत जी शांतता असते, तिची भीती त्याहून जास्त आहे. एक गिऱ्हाईक मला काही विचारत होते. मी त्यांना बोट वर करून थांबवले. पट्टी ठेवल्याचा आवाज आला, मग म्हणालो, बोला. ते काउंटरपासून एक पाऊल मागे सरले होते.

१७ तारीख, मंगळवार

चित्रकारबाई आल्या. मालकीणबाई काउंटरवर होत्या. चित्रकारबाई अगदी समोर उभ्या राहून हसल्या आणि आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "या. काय फ्रेम करायचंय?"

चित्रकारबाईंना वाटले चेष्टा आहे. पण ही तशीच बघत राहिली, त्यांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी. मग त्या काहीतरी बोलल्या आणि आवाज ऐकताच ही एकदम, "अगं बाई, तुम्ही होय," म्हणून सरसावली. पण व्हायचे ते होऊन गेले. बाईंचा चेहरा पडला. कोपऱ्याची तक्रार केली म्हणून ओळख दाखवत नाहीत, असेच त्यांना वाटले असणार. मलाही तेच वाटले.

त्या गेल्यावर मी बोललो. "एका कोपऱ्यासाठी इतका राग? त्यांच्या तोंडावर अनोळखी माणसासारखं?"

तिने तोंड उघडले, मिटले आणि म्हणाली, "हो. आला मला राग. मी आहेच तशी."

ती तशी नाही. ती माझ्यावर रागावते, मिस्त्रींवर रागावते, पट्टीवर रागावते. गिऱ्हाइकावर ती कधीही रागावलेली नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, आई व्हिडिओवर माझ्याकडे बघतच नाही. सारखी बाजूला बघते. कुणी बसलंय का तिथे?" मी म्हणालो, तू केस कापलेस ते तिला आवडले नसतील. लेक म्हणाली, "केस कापलेत हे ती बोललीच नाही. आई? आणि बोलली नाही?"

१८ तारीख, बुधवार

हे लिहायलाच हवे.

दुपारी काउंटरवर कोणी नव्हते. आत मशीन सुरू झाली. मी उठलो आणि तडा गेलेल्या काचेपाशी जाऊन उभा राहिलो. तिची माझ्याकडे बाजू होती.

झाकण वर होते. या वेळी तारेने नाही, रबराने बांधलेले. पाते फिरत होते. तिचा उजवा हात पाते खाली ओढायच्या मुठीवर आणि डावा हात पट्टीवर. डाव्या हाताचा अंगठा पट्टीवरून पुढे पुढे सरकत होता, काहीतरी चाचपत. नखाची खूण शोधत होता. ती खूण पात्याच्या बरोबर खाली आणायची असते, तेव्हा अंगठा थेट त्या करड्या चकतीखाली गेला. तिथे थांबला. खूण सापडली. मग तिने पट्टी जराशी सरकवली, अंगठा पुन्हा तिथेच लावून पाहिला.

आणि तिचे डोळे मिटलेले होते.

मी हाक मारणार होतो. तोंडात हाक आली होती. पण हाक मारली तर ती दचकेल आणि उजवा हात दचकून खाली येईल. मी तोंडावर हात दाबला आणि उभा राहिलो. माझी प्रिय, चिडकी, आयुष्यभराची बायको डोळे मिटून करवतीखाली अंगठा फिरवत होती आणि मी तिला हाक मारू शकत नव्हतो. संस्कृतात भीतीला पुष्कळ शब्द आहेत. त्यांतला एकही त्या वेळी आठवला नाही.

अंगठा मागे आला. मागे आणि आणखी मागे, एक वीतभर. वीत तिने बोटे ताणून मोजली. मग पाते खाली आले, लाकूड कापले, वर गेले. तिने बटण सोडले. पाते मंद होत होत थांबले.

मी आत जाऊन प्लग काढला. ती ऐकत होती. डोळे अजून मिटलेलेच.

"कधीपासून उभे होतात?"

"कापायच्या आधीपासून."

"मग आवाज का नाही दिलात?"

"दचकली असतीस."

"हं," ती म्हणाली. "तेवढं बरं केलंत." आणि स्टुलावर बसली. भुशात, तशीच.

मी तिच्यासमोर खाली बसलो. मग तीच म्हणाली, "उघडे ठेवले की पट्टी वाकडी दिसते. मिटले की सरळ असते."

"किती दिवस?"

"आधी खरंच पट्ट्या वाकड्या वाटल्या, शपथ. टेकणही खरंच सरकलं असं वाटलं. मग एक दिवस आपल्या घराच्या दाराची चौकट वाकडी दिसली." ती थोडी हसली. "दार काही आपण कापलेलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज सकाळी त्या मशीनला इतकं पुसायचात. दिवा आणलात. झाकण घासलंत. म्हटलं, मशीनचाच दोष असेल तर बरंच आहे ना. दुरुस्त तरी होते."

मी प्लग खोक्यात बंद केला आणि किल्ली खिशात घातली. ती माझ्या हाताच्या हालचालीकडे बघत होती, जरा बाजूने. "मला परत नाही देणार?" तिने विचारले. तिने आजवर माझ्याकडे परवानगी कधी मागितलेली नाही. मी मान हलवली. मग लक्षात आले आणि तोंडाने म्हणालो, "नाही."

२० तारीख, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तिला चौकटी आखलेला एक कागद दाखवला आणि एक डोळा झाकून विचारले, रेघा कशा दिसतात. "कडेच्या ठीक आहेत," ती म्हणाली. "मधल्या वाहून गेल्यात." दुसरा डोळा झाकल्यावर म्हणाली, "या डोळ्याला मधे काहीच नाही."

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. डाव्या डोळ्यातले गेले आहे ते परत येणार नाही. उजव्यात सुरू झाले आहे, इंजेक्शने घेतली तर थांबवता येईल, किंवा हळू तरी करता येईल. कडेचे दिसत राहील, चालता-फिरता येईल. मधोमध बघायचे ते अवघड. आणि मशीनवर अजिबात नाही.

"किती अवघड?" मी विचारले.

"ते त्याच सांगतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "इंजेक्शन म्हणे डोळ्यात देतात. करवत परवडली." मग माझ्या दंडाला हात लावून चालू लागली. ती कधी दंड धरत नाही. मी चाल हळू केली, तर म्हणाली, "नेहमीसारखे चाला हो. वरातीत नाही आपण."

२३ तारीख, सोमवार

आज पहिल्यांदा मी पट्टी कापली.

टेकण गुण्यावर आहे. झाकण मोकळे आहे, उचलून सोडले की झटकन पडते. पाते नवे. हे सगळे चारदा तपासले आणि मग मूठ धरली. ती शेजारच्या स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसली होती.

"हात कुठेय तुमचा?" तिने विचारले.

"लांब."

"किती लांब?"

"पुढच्या गल्लीत."

"जवळ आणा. पट्टी धरली नाही तर ती उडणार. वीतभर ठेवा. हां. आता बटण दाबा आणि आवाज एकसारखा होईपर्यंत थांबा. घाई नको. पातं लाकडात स्वतः जाऊ द्या, ढकलू नका."

मी कापले. दुसरा तुकडा कापला. दोन्ही तिच्या हातात दिले. तिने भिडवले आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"उघडा आहे. पुन्हा."

पुन्हा कापले. पुन्हा उघडा. तिसऱ्या वेळी अंगठा कोपऱ्यावर थांबला, मागे फिरला, परत आला. "बरा आहे," ती म्हणाली. मला आजवर मिळालेल्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा हे बरे वाटले. चित्रकारबाईंना फोन करून सगळे खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "मी किती वाईट मनात आणलं." फ्रेमा सावकाश चालतील म्हणाल्या. दोन तासांनी स्वतःच आल्या आणि काउंटरवर उभ्या राहून आधी आपले नाव सांगितले.

मालकीणबाई आता दुकानात बसतात, कोपरे तपासतात, मला शिव्या देतात. करवतीपासून त्या सुरक्षित आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे. मी ज्याला घाबरत होतो ते टळले, असे म्हणायला हवे. इंजेक्शनची तारीखही मिळाली आहे.

पण भीती गेलेली नाही. हसून लिहायचा प्रयत्न केला, तो इथवर जमला. डॉक्टरबाईंनी 'मधोमध' म्हटल्यापासून मनात एकच गोष्ट आहे. चित्रकारबाई तिच्या अगदी समोर उभ्या होत्या आणि आवाज ऐकेपर्यंत त्या कोण हे तिला कळले नव्हते. मी तर दिवसभर तिच्या समोर असतो आणि दिवसभर बोलत असतो. माझा चेहरा तिला दिसतो की नाही, हे मला माहीत नाही. मी अजून विचारलेले नाही. मला विचारायची भीती वाटते.